सुभद्राबाईंच्या नावाचा खासगी मजकूर

खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क असून तो मिळवण्यासाठी आधी सर्वांना कळवावे लागते.

बाळापूरच्या सहदेवरावांना हे फार उशिरा समजले. सुभद्राबाई एकदा रुसून कौंडण्यपूरला माहेरी गेल्या, तेव्हा मेव्हण्याच्या मोबाइलवर धाडायचा संदेश सहदेवरावांनी चुकून मळेकऱ्यांच्या संकेतस्थळावर, मिरचीच्या रोगांच्या पानावर टाकला: “सुभद्रा, झालं गेलं जाऊ दे. घरी ये. तुह्याबिगर मले जेवण जात नाई.” (तज्ज्ञांनी त्यावर निंबोळी अर्क सुचवला.) सुभद्राबाई आपणहून परतल्या. सहदेवरावांनी दारातच सुनावले, “काहून आली? माह्यं काई अडलं नव्हतं.” त्या वाक्यावर घरातला त्यांचा रुबाब आजवर उभा होता. आता सुभद्राबाईंच्या हातात स्वतःचा मोबाइल आला आणि रुबाब धोक्यात आला.

तो संदेश काढून टाकावा म्हणून सहदेवरावांनी गोपनीयतेच्या कायद्याखाली अर्ज केला. संकेतस्थळाची समिती मळेकऱ्यांचीच; वावर विकत घेण्याआधी पेपरात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवायच्या, ही त्यांना अंगवळणी पडलेली शिस्त. त्यानुसार मूळ मजकुरासह सूचना झळकली: सदर मजकूर खासगी आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे. हरकत एकाचीही नव्हती. उलट अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या सभासदांनी तो मजकूर खाली पुन्हा जोडून “खासगी आहे, काढून टाका” असा भरघोस पाठिंबा दिला. (पैकी एकोणचाळीस टक्क्यांनी “वहिनी आल्या का?” अशी आस्थेने चौकशीही केली.) मग समितीने सगळे खरोखरच पुसले. कायद्याचा इतका चोख अंमल क्वचितच पाहायला मिळतो.

बाजारात मेथी विकताना सुभद्राबाईंच्या कानावर कुणकुण गेलीच. घरी येऊन त्यांनी विचारले, “तुमी माह्यासाठी काय लिवलं होतं जी?”

“मिरचीच्या रोगाचं,” सहदेवराव म्हणाले.

सुभद्राबाईंनी समितीकडे मजकूर मागितला. उत्तर आले: मजकूर खासगी असून त्रयस्थ व्यक्तीस दाखवता येत नाही.

“साऱ्या बाजारानं वाचलं,” सुभद्राबाई मोबाइल खाली ठेवत म्हणाल्या, “मीच तेवढी राह्यली.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. सहदेवरावांच्या अगदी ओठांवर ते शब्द आले होते, पण रुबाब आडवा आला. ते मिरचीला पाणी द्यायला निघून गेले.

सारांश, जिच्यासाठी लिहिला तिच्यापासून तो मजकूर आता पूर्णपणे सुरक्षित आहे. तुम्ही मात्र तो वर वाचलात. कोणाला विचारून?