लोकसंख्या एक

पास्कलमध्ये लिहिलेला माझा प्रोग्रॅम चुकूच शकत नाही! असं मी साहेबांना सांगितलं, तेव्हा लातूर जिल्हा पाच वर्षांचा होता, दुष्काळ त्याहून लहान आणि आमच्या कचेरीतला संगणक तीन आठवड्यांचा. गावात माझ्या ओळखीचा तेवढाच.

टँकरची गावं शंभर, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये कप्पेही शंभरच ठेवले. एका कप्प्यात एका गावाची नोंद : नाव, माणसं, विहिरी. चालतंय का बघायला पहिल्या कप्प्यात स्वतःलाच भरलं. गाव : लिंबाजीची खोली, औसा रोड. माणसं : एक. विहिरी : शून्य. नोंद झकास बसली. पुसायची राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दगडोबा ड्रायव्हर दहा हजार लिटरचा टँकर घेऊन दारात.

"सरपंच कुठं हाय?"

मी मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. "मीच."

"आन् गाव?"

"तेही मीच."

त्यानं संगणकानं छापलेली टँकरची यादी पाहिली. यादीवर शिक्का होता, म्हणजे गाव होतं. गावाकडं एक बादली आणि एक तांब्या निघाला. उरलेलं पाणी गल्लीनं नेलं. मी सरपंच म्हणून सही केली आणि चहा टाकला. लातुरात आल्यापासून माझ्याकडं आलेला हा पहिला पाहुणा.

तो रोज येऊ लागला. बायकोच्या, बैलांच्या गोष्टी सांगायचा. गल्लीही रामराम घालू लागली. नोंद उद्या पुसू, असं मी आठ दिवस म्हणत राहिलो.

नवव्या दिवशी होनवाडीची बसम्मा रिकामी घागर घेऊन थेट कचेरीत आली. आठ दिवस टँकर नाही, लेकरं डबक्याचं पाणी पिऊन आजारी पडलेली. ड्रायव्हर म्हणतो, यादीत गावच नाही. मी कप्पे तपासले. होनवाडी एकशे एकावी भरली गेली होती. प्रोग्रॅमनं हूं की चूं न करता तिला बाहेर ठेवलं होतं.

"आमच्या जागी कोन हाय मग?"

"मी."

"किती मानसं?"

"एक."

तिनं रिकामी घागर टेबलावर ठेवली. मी माझी नोंद पुसायला घेतली. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली.

"काय म्हनतंय ते?"

"विचारतंय, नक्की पुसू का?"

"तुला इचारतंय तरी," बसम्मा म्हणाली. "आमाला न्हाई इचारलं."

मी कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी मी दोन कप चहा टाकून दारात उभा राहिलो. दगडोबाचा टँकर समोरून होनवाडीकडं निघून गेला. थांबणार कुठं? इथं आता गावच नव्हतं.