फटाकडीचा हयातीचा दाखला

कवठाळीच्या तळ्यावरच्या पक्ष्यांना दर वर्षी तीस नोव्हेंबरला, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, हयातीचा दाखला काढावा लागतो. नेमलेल्या निरीक्षकासमोर यायचं, निरीक्षकानं डोळ्यांनी पाहायचं आणि वहीत सही करायची, एवढंच काम. ज्याची सही राहून जाते तो मावळल्यानंतर नसतो. मरत नाही; नसतो. त्याचं नावही कुणाला आठवत नाही. न पाहता सही केली तर शाई उमटत नाही, त्यामुळे वशिल्याचा प्रश्नच येत नाही.

प्रमिला उन्हाळे सव्वीस वर्षं तिथल्या निरीक्षक होत्या. बदकं आणि बगळे सकाळीच बांधावर रांग लावत. टिटव्या नंबरावरून भांडत, पण नऊच्या आत सगळं उरकून जाई. मग उरे ती फटाकडी. मूठभर तपकिरी पक्षी, तळ्यावर एकच शिल्लक, आणि लाजरी म्हणजे किती, तर स्वतःच्या सावलीलाही बुजणारी. ती दिवसभर काठच्या पाणकणसाच्या उंच गवतात दडून बसे. ऊन कलल्यावर दोन पावलं चिखलात येई, बाईंच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज ऐके आणि पुन्हा आत पळे. तेवढ्यासाठी बाई आठ-आठ तास हलत नसत. दुसरा कुणी इतका वेळ बसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय हे त्यांनी ऑफिसात कळू दिलं नाही. बदकं मोठी असतात, बगळे पांढरे असतात, ते निभावलं. चिखलावरचं तपकिरी मात्र आता चिखलातच मिसळत होतं.

त्या वर्षी चार वाजता होडीवाले लिंबाजी भोई त्यांच्या कानाशी लागले. म्हणाले, "बाई, आली. म्होरंच हाय."

बाईंनी डोळे ताणले. समोर नुसता चिखल होता.

लिंबाजींनी बोटानं दाखवलं, काडीनं दाखवलं. फटाकडी टोपणाच्या आवाजाची वाट बघत उभी होती. आवाज येईना, म्हणून ती बिचारी आणखी दोन पावलं पुढे आली. मग आणखी दोन. जन्मात कधी आली नव्हती इतकी उघड्यावर आली आणि अंग चोरून, थरथरत तिथेच थांबली. लिंबाजी हे सगळं हळू आवाजात सांगत होते. बाईंनी टोपण उघडलं नाही. उघडलं असतं तर ती आत पळाली असती, सही उमटली नसती.

वीस मिनिटं ती तशी उभी राहिली. मग भोवत्या आला. तळ्यावर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी तो, त्याचा दाखला सकाळीच झाला होता. त्यानं झडप घातली आणि तिला उचललं.

आभाळावर काळं काही हललं तर बाईंना अजून दिसत असे. त्यांना भोवत्या दिसला, त्याच्या पंजातला गोळा दिसला, आणि गोळ्याचे लोंबणारे, झाडले जाणारे पाय दिसले. पाय हलत होते. बाईंनी घाईघाईनं सही केली. शाई उमटली.

आता दाखला म्हणजे दाखला. फटाकडी वर्षभर हयात ठरली, म्हणून भोवत्याला ती खाता येईना; आणि पंजे काही सुटेनात. तो तिला घेऊन तळ्यावर फिरत राहिला. ती पंजात जिवंत राहिली आणि अधूनमधून ओरडू लागली. एरवी दृष्टीस न पडणारा पक्षी आता कुणालाही मान वर करून बघता येत होता. रविवारी लोक कॅमेरे घेऊन येत, डबे खात, पोरांना दाखवत. बाईंना तो आवाज घरातही ऐकू येई. हे आपण केलं, असं त्या लिंबाजींना म्हणाल्या. लिंबाजींनी नाही म्हटलं नाही.

पुढच्या तीस नोव्हेंबरला बाई उजाडायच्या आधीच डोळ्यांवर पदर घट्ट बांधून आल्या. लिंबाजींनी हात धरून त्यांना बाकावर बसवलं. बदकं आली, बगळे आले. बाईंनी एकेकाला जवळ बोलावून पदराची कड जेमतेम वर केली, खाली मान घालून पाय पाहिले आणि सही केली. भोवत्यानं घिरट्या घेत घेत आपली सावली त्यांच्या पायांशी आणून ठेवली, पण सावलीवर सही होत नाही. शेवटी तो खाली येऊन त्यांच्या पायांशी शेपूट टेकवून गेला, तेव्हा तेवढीच पाहून बाईंनी त्याची सही केली.

मग दोघं बसून राहिले. फटाकडी दिवसभर वरून ओरडत होती.

ऊन उतरल्यावर लिंबाजींनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाई, फटाकडी दिसली का?"

"नाही."

लिंबाजींनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला बी न्हाई."

सूर्य बुडाला. वरची हाक अर्ध्यातच थांबली. भोवत्या पाणकणसाच्या काठावर उतरला आणि उघड्या पंजांकडे बघत बसला. बाईंनी पदर सोडला, तर तो ओला होता. आपण कशासाठी रडलो, ते त्यांनी लिंबाजींना विचारलं. लिंबाजींनाही काही आठवेना.