बाबांनी लावलेली धार

नाटकमंडळाच्या सामानवाल्याने तयार तलवार घरी भिंतीला टेकवली आणि जरा पाठ टेकली, तिथेच घात झाला. संध्याकाळच्या प्रयोगात राजा त्याच तलवारीने मरायचा होता. पातं लाकडी, पण लाकडाच्या रेषा बुजवायला पुट्टी भरली, गुळगुळीत घासलं, चकचकीत काळा रंग दिला आणि वर शिसपेन्सिलीची पूड फडक्याने चोळून अस्सल पोलादाची झळाळी आणली. वजन यावं म्हणून मुठीत लोखंडाचा तुकडाही बसवला. काम बघून त्याला बरं वाटलं. त्या घरात बरं वाटण्याचे प्रसंग तसे कमीच.

याला कारण बाबा. त्यांचा जन्म कारखान्यात पात्यांना धार लावण्यात गेला. मुलाने खोट्या वस्तू करून पोट भरावं, हे त्यांना कधी पचलंच नाही. लाकडी बंदुका, लगद्याचे मुकुट, कशाकडे ते ढुंकूनही बघत नसत. एकदा तरी त्यांनी बरं म्हणावं, ही आशा त्याने आता जवळजवळ सोडली होती.

खरखर ऐकून तो दचकून उठला. मागच्या गॅलरीत बाबा धार लावायच्या चाकापाशी बसले होते आणि पात्याच्या वीतभर टोकाचा भुसा होऊन त्यांच्या मांडीवर पडला होता.

"बोथट होती रे," बाबा म्हणाले. "म्हटलं, द्यावी लावून. पण हे लोखंड कुठलं आणलंस?"

"बाबा, लाकूड आहे ते."

बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला, नखाने खरवडलं.

"जन्मभर पोलाद बघितलं मी," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुझा. संध्याकाळी येतो नाटकाला."

राजा आज खंजिराने मरेल, असं त्याने दिग्दर्शकाला फोनवर कळवलं. पुढच्या नाटकाला दुसरा माणूस बघू, असं उत्तर आलं. तेही त्याने हसत ऐकून घेतलं.

उरलेलं पातं घेऊन तो आत आला, तर बायको पर्स उपसत होती.

"अहो, हा बाबांचा चष्मा. मी काच बदलून आणली आणि पर्समध्येच विसरले बघा. आठवडाभर बिचारे चाचपडतायत. देऊन येते."

आतल्या खोलीत बाबा हाताने चाचपून ठेवणीतला सदरा शोधत होते. त्याने तिच्या हातातून चष्मा काढून घेतला.

"नाटक झाल्यावर दे."

"मग त्यांना नाटक दिसणार कसं?"

त्याने चष्मा खिशात टाकला आणि खंजीर घासायला बसला.