मूर्तिजापूर पलटणीचा कोट

रमाबाईंनी आठवीच्या वर्गाला सांगितलं ते अगदी साधं होतं. "दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा आपलं मूर्तिजापूर काय करत होतं, ते आपण शोधू. घरात त्या काळातली पत्रं असतील, फोटो असतील, तर मोठ्यांना विचारून आणा." एवढ्यात घंटा झाली आणि मुलं घरी पळाली. यात कोणाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

चुकलं असेल तर साल चुकलं. त्या साली वऱ्हाडात शेतकऱ्यांसाठी सरकारी मदतीचं पॅकेज आलं होतं. कापसाचं गणित बिघडल्यापासून मुंबई-दिल्लीची माणसं जीपमधून येत, ओट्यावर बसत, चहा पीत आणि कागद मागत. त्यामुळे कोणी फोटो आणि कागद असं दोन्ही मागितलं, की त्यामागे योजना आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकत असे.

"बाईनं लढाईतल्या बुढ्याचा फोटो मांगितला," ईशाननं घरी सांगितलं.

"काहून?" त्याच्या आजीनं, पार्बताबाईनं विचारलं.

"मालूम नाई. पत्रबी मांगितलं."

"फोटोबी आन् कागदबी?" पार्बताबाई भाकरी तव्यावर तशीच सोडून उठल्या. "म्हंजे पॅकेज हाय, बापा! इंग्रजाचं असन. लढाई त्याची होती, तं त्यानंच द्याले पाह्यजे."

भाकरी करपली, पण बातमी गरमागरम बाहेर पडली. सायंकाळपर्यंत ती स्टेशनच्या पानठेल्यावर पोचली तेव्हा विलायतेहून साहेब निघाल्याचं नक्की झालं होतं, आणि रात्रीच्या गाडीनं ती अकोल्याला गेली तेव्हा साहेब बडनेऱ्याला उतरून नाश्ता करत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांच्या आधी पालक हजर. रांगेत पहिल्या अर्थातच पार्बताबाई.

"हे घ्या बाई. असल एक, झेरॉक्स तीन. नायब तहसीलदाराची सही नाई भेटली, थो रजेवर हाय. चालन?"

"आजी, मला सही नको. हे कोण?"

"माया सासरा. लढाईत होता."

"कोणत्या लढाईत?"

"तुमाले कोनती पाह्यजे?"

रमाबाईंनी फोटो ठेवून घेतला. न घेऊन करतात काय? मागे रांग शाळेच्या फाटकाबाहेर वळली होती. आठवडाभरात मूर्तिजापुरातून इतके जवान बाहेर पडले, की तेवढे खरोखर रंगूनला पोचले असते तर जपान्यांनी पहिल्याच दिवशी माफी मागून गाडी पकडली असती.

पत्रांत मात्र लढाई कुठे दिसेना. कोणी मेहुण्याला घासलेटसाठी विनवत होतं, कोणी लग्नासाठी साखर जमवा म्हणून कळवत होतं. फोटोत खाकी कोट घालून छाती काढलेला जवान त्याच महिन्यात दर्यापूरहून धोतरजोडी मागत होता. रमाबाईंना तर हरखून जायला झालं. हेच तर मूर्तिजापूरचं महायुद्ध! मुलांनी पत्रं वाचली, टंचाईचा तक्ता केला, आणि कधी नव्हे ते इतिहासाच्या तासाला कोणी जांभई दिली नाही.

पण रमाबाईंचा जीव अडकला होता दुसरीकडेच. त्या शिक्षणसेवक होत्या. अमरावतीहून पॅसेंजरनं रोज ये-जा करत त्यांची तीन वर्षं संपत आली होती, आणि त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांच्या टेबलावर सहीविना पडून होता. उत्तमरावांनी त्यांना बोलावून घेतलं.

"बाई, प्रदर्शन जोरदार झालं पाह्यजे. अकोल्याचे शिक्षणाधिकारी येऊन राहिले. मंधात आमच्या बाबाचा फोटो लावा. सुभेदार संपतराव! ब्रह्मदेशात शत्रूच्या डोयात डोये घातले त्यायनं. मंग त्याच कार्यक्रमात तुमच्या प्रस्तावावर सही करून टाकतो."

सुभेदारांचा फोटो शाळेच्या सभागृहात कायमचा हार घालून होता. दर पंधरा ऑगस्टला उत्तमराव त्याच्यासमोर ब्रह्मदेशाची लढाई सांगत, आणि दर वर्षी शत्रू थोडा वाढत असे.

प्रदर्शन दोन दिवसांवर आलं तेव्हा वर्गातली अलीझा एक गाठोडं घेऊन आली. अलीझाचे वडील कुर्बानभाई स्टेशन रोडवर फोटो स्टुडिओ चालवत. स्टुडिओ त्यांच्या आजोबांनी काढलेला.

"मॅडम, अब्बाच्या दादीच्या पेटीत हे भेटलं. लढाईतलं हाय म्हणे."

गाठोड्यातून खाकी कोट निघाला. डाव्या खिशावर मोठा डाग, मधलं बटण गायब. रमाबाईंनी तो टेबलावर पसरला आणि सहज फोटोंकडे पाहिलं. पार्बताबाईच्या सासऱ्याच्या डाव्या खिशावर डाग होता. मधलं बटण नव्हतं. शेजारच्या जवानाच्या खिशावर तोच डाग. त्याच्या शेजारच्याच्याही. सगळा वर्ग फोटोंभोवती गोळा झाला.

"मॅडम," ईशान ओरडला, "सगळ्याईच्या बुढ्याचा एकच कोट!"

रमाबाई सभागृहात गेल्या, खुर्चीवर चढल्या आणि सुभेदार संपतरावांच्या गळ्यातला हार बाजूला सारला. डाग होता. बटण नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्या थेट कुर्बानभाईंच्या घरी गेल्या. अलीझाची पणजी, कुलसुमबी, बाजेवर सुपारी कातरत बसल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, पण अडकित्ता झपाझप चालत होता.

"लढाईच्या वक्ताला गोऱ्याईची गाडी जंक्शनवर अडकली होती, बेटा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी कोंबडी शिजून राहिली होती. वास टेसनावर गेला. एक सोजीर आला, जेवला, आन् कोट ठेवून गेला."

"कोट कशाला ठेवला?"

"आमचा रस्सा खाल्ल्यावर कोनाले कोट पाह्यजे? घामानं निथळत गेला बिचारा. थो डाग रश्श्याचाच हाय. बटन बकरीनं खाल्लं."

"आणि मग सगळ्या गावानं तोच घातला?"

"तं काय! कपडा रेशनवर. नवरदेवाले सदरा नाई, पण फोटो तं पाह्यजे. फाटक्या बनेनवर कोट चढवला का झाला साहेब. खाली धोतर राहे, म्हणून माये मियाँ फोटो कमरेपर्यंतच काढत."

"म्हणजे अध्यक्षांचे वडील..."

"संपत? त्याच्या अंगातून तं कोट निघता निघेना!"

रमाबाईंनी कपाळाला हात लावला. सगळे फोटो लावले तर सुभेदार उघडे पडतात आणि सहीही जाते. सुभेदारांना एकटं ठेवून बाकीचे काढावेत तर तेही जमेना. त्यांनी सकाळी एक फोटो नुसता सरळ करायला खाली घेतला होता, तर खिडकीतून पार्बताबाई किंचाळल्या होत्या, "काहून काढून राहिल्या? नामंजूर झाला का?"

"मॅडम, टेन्शन नका घेऊ," कुर्बानभाई म्हणाले. "कॉम्प्युटर घेतलं मी आता. साहेबाच्या बापाले बटन लावून देतो, डाग पुसून देतो. म्हणान तं दोन मेडलबी."

"नको हो! मी इतिहास शिकवते."

"म्हणूनच म्हणतो."

"नको, कुर्बानभाई. वर्गानं सगळं पाहिलंय. उद्या त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू?"

"मंग सगळे लटकावून दे," कुलसुमबी अडकित्ता मिटत म्हणाल्या. "मीबी येतो पाहाले."

रमाबाईंनी सगळे लटकावले.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक झेरॉक्सच्या पिशव्या पोटाशी धरून बसले होते. मधोमध सुभेदार संपतराव, चारही बाजूंनी त्यांच्यासारखेच कमरेपर्यंतचे जवान. कोट तेवढा टेबलावर नव्हता. वर्गाच्या कपाटात होता. रमाबाईंचं धाडस तिथपर्यंत पोचलं नव्हतं.

शिक्षणाधिकारी पुण्याकडचे होते आणि दुर्दैवानं बारकाईनं पाहणारे होते. एकेक फोटो पाहत ते मधोमध आले आणि चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"गंमत आहे. यांच्यापैकी एकाच्याही कोटाला मधलं बटण दिसत नाही."

आठवीच्या मुलांनी तोंडावर हात दाबून धरले. उत्तमरावांनी भिंतीकडे पाहिलं, मग बापाकडे, मग पुन्हा भिंतीकडे. मान लाल झाली, कान लाल झाले. आणि मग एकाएकी त्यांचा आवाज सभागृहात घुमला.

"नाहीच! असन कसं? आमच्या बाबाच्या पलटणीत मंधातलं बटन नव्हतंच. तेच तं पलटणीची खूण!"

"आणि खिशावरचा हा डाग?"

"तेबी."

"कोणती पलटण म्हणायची ही?"

"मूर्तिजापूर पलटण!"

टाळ्यांनी छत हादरलं. "मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिली ना," पार्बताबाई शेजारणीला म्हणाल्या, "माया सासरा लढाईत होता म्हणून. कोनी आयकलं काय?"

"पण या पलटणीविषयी कुठे काही वाचलेलं आठवत नाही," अधिकारी म्हणाले.

"लिवलंच नाई कोनी, साहेब. आता आमच्या रमाबाई लिवतात ना. तुमचा चहा होईस्तोवर एक पान. आन् बाई," उत्तमराव वळले, "पान झालं का मी सही करतो आन् प्रस्ताव साहेबाच्याच हाती देतो."

रमाबाई कोपऱ्यातल्या बाकावर पेन घेऊन बसल्या. समोर आठवीचा अख्खा वर्ग त्यांच्या पेनाच्या टोकाकडे बघत होता. खोटं लिहावं तर ही मुलं, खरं लिहावं तर ती नोकरी. पेन कागदाला टेकेना.

तोवर गावातल्या सर्वांत जुन्या नागरिक म्हणून कुलसुमबींना शाल-श्रीफळ झालं होतं. नारळ अलीझाच्या हातात देऊन त्यांनी माईकच धरला.

"उत्तम बेटा, तुया बाप लढाईच्या वक्ताला..."

उत्तमराव खुर्चीत अर्धे उठले.

"...लय हिमतीचा होता. तवा फोटो काढताना उजेडासाठी मसाल्याचा भडका उडे. तोफेवानी आवाज. भलेभले नवरदेव उठून पळत, फोटो हलून जाये. एकटा संपत असा निंगाला, का एवढा भडका झाला आन् थो जागचा हलला नाई. पाहा, कसा साफ आला!"

सगळ्यांनी पाहिलं. खरंच, भिंतीवर एवढा स्वच्छ फोटो दुसरा नव्हता. डोळे तर असे टक्क उघडे, की शत्रूनं रस्ता बदलावा. उत्तमराव हळूच खुर्चीत टेकले आणि त्यांनी रुमाल काढला.

कुलसुमबी खाली उतरून रमाबाईंच्या बाकावर येऊन बसल्या आणि कानाशी लागल्या. "बेहोश झाला होता, बेटा. डोये तेवढे उघडे राह्यले. आमी पानी मारून, कांदा हुंगवून उठवला, तवा कुठं वरातीले गेला."

रमाबाईंनी क्षणभर म्हातारीकडे पाहिलं. मग त्या लिहायला लागल्या, आणि पान भरेपर्यंत थांबल्या नाहीत. ते पान उत्तमरावांनी स्वतः माईकवर वाचलं.

"महायुद्धाच्या काळात मूर्तिजापूर पलटण उभी राहिली. तिचं ठाणं रेल्वे जंक्शनजवळ होतं. कापड, साखर, घासलेट यांची टंचाई असतानाही भरती होणाऱ्यांची रांग तुटली नाही. या पलटणीनं जातपात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही. एकाच्या अंगचा कोट दुसऱ्यानं अभिमानानं घातला. सुभेदार म्हणून गाव ज्यांना ओळखतं ते संपतराव भडका उडाला तरी जागचे हलले नाहीत." इथं उत्तमरावांनी बापाच्या फोटोकडे पाहिलं. "युद्ध संपेपर्यंत मूर्तिजापूर पलटणीचा एकही जवान लढाईत पडला नाही."

अधिकारी उभे राहिले. मग सगळं सभागृह उभं राहिलं. आठवीचा वर्ग इतक्या जोरानं टाळ्या वाजवत होता, की शेवटी मुख्याध्यापकांना छडी दाखवावी लागली. "शाबास! मुलांमध्ये इतिहासाचं इतकं प्रेम मी प्रथमच पाहतोय," अधिकारी म्हणाले. उत्तमरावांनी तिथंच, बापाच्या फोटोखाली, प्रस्तावावर सही केली.

गर्दी ओसरल्यावर रमाबाई पाण्याच्या टाकीपाशी घसा ओला करत होत्या. उत्तमराव इकडेतिकडे बघत जवळ आले.

"बाई, पान झकास लिवलं. एक शब्द खोटा नाई त्याच्यात."

रमाबाईंनी पेला खाली ठेवला. "अध्यक्षसाहेब, म्हणजे तुम्हाला...?"

"मायनं सांगतलं होतं. बाबाले शुद्धीवर आणाले कांदा तिच्याच घरून गेला होता. मांडवात वाट पाहून राहिली होती ते." त्यांनी घसा खाकरला आणि आवाज आणखी खाली आणला. "थो कोट... हाय का अजून?"

"आहे. वर्गात कपाटात."

"पुढल्या महिन्यात माही साठी हाय. म्हणलं, एक फोटो काढून घ्यावा." उत्तमरावांनी स्वतःच्या पोटावरून हळूच हात फिरवला. "मंधातलं बटन नाई ते एक बरं हाय."