पाषाणयुगातलं जातं

माणूस प्राचीन व्हायला किती वर्षं लागतात, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. आमच्या शिक्षण खात्यात नाहीत. वस्तू दगडाची असावी, मातीत सापडावी आणि तिच्यावर हक्क सांगणारं कुणी हयात नसावं, एवढं पुरतं.

अठ्ठ्याहत्तर साली 'आपल्या परिसरातील आदिमानव' हा उपक्रम मुळशीच्या धरणकाठच्या आमच्या शाळेत आला, तो याच भक्कम पायावर. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की धरणाच्या तळातून जुन्या घरांची जोती वर येतात. विस्तार अधिकारीसाहेब मुलांना तिथे घेऊन गेले. मुलं गाळात उतरली, साहेबांनी काठावरून संशोधन केलं. (बूट नवे होते.) फुटका पाटा, चुलीचे दगड आणि एक धडधाकट जातं निघालं. साहेबांनी जातं पाषाणयुगातलं ठरवलं. दगडाचंच होतं, त्यामुळे त्यांच्या विद्वत्तेला नावं ठेवायला जागा नाही.

अडचण एकच आली, गावातल्या गोजराबाईची. म्हातारी शाळेत आली, जात्यावरून हात फिरवून म्हणाली, "ह्ये आमचं हाय. पानी चढलं तवा आईला उचलंना, तितंच ऱ्हायलं. नातीचं लगीन हाय. हळद ह्याच्यावरच दळायची. न्हेते मी."

साहेब समजुतीनं म्हणाले, "आजी, हे वापरणारे लोक केव्हाच नामशेष झाले."

"मी हाय की."

आदिमानव जिवंत सापडल्यास काय करावं, याबाबत परिपत्रक गप्प होतं. साहेबांनी मग स्वतःच निवाडा केला. जातं खरं, म्हातारी खोटी. जातं शाळेच्या कपाटात गेलं, सुट्टी लागली आणि किल्ली साहेबांबरोबर त्यांच्या गावी गेली. लग्नाची हळद दुकानातून पुड्यात आली. गोजराबाई मांडवात बसून होती, पण जात्यावरची एक ओवी तिच्या तोंडून निघाली नाही. (मला साहेबांचा भयंकर राग आला होता. पण राग पुरावा म्हणून धरत नाहीत.)

सहामाहीला प्रश्न आला: 'येथील आदिमानव वस्ती सोडून का गेला?' साहेबांचं आदर्श उत्तर होतं, पाण्याच्या टंचाईमुळे. सगळ्या वर्गानं लिहिलं, 'पाणी आलं म्हणून.' सगळ्या वर्गाला शून्य मिळालं. पेपर मी कंदिलाच्या उजेडात तपासले, कारण धरणाची वीज घाट उतरून थेट शहरात जाते.

तुम्ही शहरातले, शिकलेले. तुमचं उत्तर चुकलं नसतं. हे वाचायला लावलेला दिवा मालवताना आदिमानवाची आठवण काढण्याचंही कारण नाही. तो धडा तुम्हाला नव्हता.