न आलेल्या तीन मोटारी

मूल निजल्यावर घरात जी शांतता पसरते, तिचा भंग करण्याचा पहिला हक्क पितळी झाकणाचा असतो. ते आत्ता पडलं. केसरनं एक डोळा उघडला, माझ्या पदराचं टोक मुठीत असल्याची खात्री केली आणि पुन्हा झोपली. मला लिहायला अर्धा तास मंजूर झाला.

तर, नियम दूरदृष्टीचे असतात. यंदा आमच्या खाडीकाठच्या गावाला नवा नियम लागू झाला: कचेरी कितीही लहान असो, तिच्यापुढे किमान तीन मोटारींची जागा हवी. चेअरमनची एक, सेक्रेटरींची एक, भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्याची एक. दर मोटारीस एकशे साठ चौरस फूट.

मच्छीमार सोसायटीची एकूण जागा पाचशे चौरस फूट. गावातल्या मोटारी: शून्य. मोटारीचा रस्ता: खाडीच्या पलीकडे संपतो. चेअरमन रावजी यांची वाहने: वहाणा, एक जोड (सभेपुरत्या). सेक्रेटरी म्हणजे आमचे हे. ह्यांना सायकलीचीही धास्ती.

तपासणीला साहेब होडीतून आले. ओहोटी होती, म्हणून चिखलातून होडीवाल्या भागोजीच्या खांद्यावर बसून आले. खाली उतरले आणि मोटारींना जागा अपुरी असल्याचा शेरा मारला.

मग कचेरी लहान केली. मोटारींना चारशे ऐंशी, कचेरीला वीस. त्यात टेबल मावतं. रावजी बाहेर उभे राहतात. नकाशा मंजूर झाला, चुन्याच्या रेघा पडल्या.

त्या रेघांच्या आत सोनूबाई कोळीण वीस वर्षं जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवत होती. आज सकाळी ती ओली टोपली घेऊन आमच्या दारात आली.

"दादा, मोटारी कवा येनार हायत?"

"येणार नाहीत, सोनूबाई."

"मंग त्या रिकाम्या जाग्यात जवला पसरला तं कुनाच्या पोटात दुखतंय?"

"ती जागा रिकामी नाही," हे गंभीरपणे म्हणाले. "तिथं मोटारी उभ्या आहेत. फक्त त्या अजून आलेल्या नाहीत."

मला हसू फुटलं. (वाचकांनाही फुटेल, म्हणून तर लिहायला बसले.) सोनूबाई हसली नाही. ओला जवळा उद्यापर्यंत कुजतो, आणि तिचा सगळा पावसाळा त्या टोपलीत होता.

"वैनी, दोन दिसांपुरती कुठं सारवलेली जागा हाय का?" म्हणत तिनं आमच्या अंगणाकडे पाहिलं. मी तुळशीकडे पाहिलं. वास आठवडाभर जात नाही. ती टोपली उचलून गेली.

नियमांना डोकं नसतं, असं मी पुढे लिहिणार होते. पण केसर उठली आहे. उंबऱ्यात बसून, डोळे चोळत बाहेर बघते आहे.

"आई, आपल्याकडे मोटार येणार?"

"नाही गं, सोन्या."

"मग अंगण कुणासाठी रिकामं ठेवलंय?"