व्हॉल्ववाल्या मारोतरावांचा समुद्र

मारोतराव कोणाच्याही घरी गेले की समोर आलेलं पाणी पीत नाहीत, चाखतात. घोट तोंडात घेतात, या गालातून त्या गालात फिरवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "हे ताजं नाही. लाइनीत रातभर थांबलेलं हाय." माझ्या साखरपुड्याला त्यांनी भर पाहुण्यांत ग्लास खाली ठेवला आणि माझ्या बापाला म्हणाले, "तुमच्या पायपात कुठंतरी नाली मिसळून राह्यली. पण टेन्शन नका घेऊ, सरबतात समजत नाही." त्यानंतर त्या मांडवात एकानेही सरबत घेतलं नाही.

आमचं गाव पांढरकवड्याहून बसने अर्ध्या तासावर. तिथल्या नळयोजनेवर मारोतरावांनी तीस वर्षं व्हॉल्वमनकी केली. म्हणजे खांद्यावर लांब लोखंडी चाबी टाकून सायकलने फिरायचं, चेंबरचं झाकण उचलायचं, चाबी घालून व्हॉल्व फिरवायचा आणि "पाणी सोडलं होऽ" अशी हाळी द्यायची. रिटायर झाले, चाबी जमा झाली, पण डोकं चेंबरमध्येच राहिलं. माणसंही ते पाण्याच्याच हिशेबाने ओळखतात. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहून म्हणाले, "पोरगा बरा हाय, पण प्रेशर कमी." आमच्या मुख्याध्यापकांबद्दल त्यांचं एकच मत आहे, "तोंडाशी लिकेज."

या माणसाला समुद्राचं वेड लागलं ते दाढदुखीमुळे. नागपूरला दातांच्या डॉक्टरकडे गेलते. तिथे बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. बाकीचे पेशंट मासे पाहत होते. मारोतराव खालच्या कपाटाचं दार उघडून पाइप पाहत बसले. नंबर आला, पुकारा झाला, हे उठले नाहीत. दाढ तशीच घेऊन परत आले आणि थेट आमच्या घरी.

"बीएस्सी, हाय का घरात?"

बीएस्सी म्हणजे मी. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाप जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचा, आई निंदणाला जायची, आणि मी केमिस्ट्री घेऊन पास झाले. आता ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. लाज कायची?

"वरती एक टाकी, खालती एक टाकी," मारोतराव खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागले. "वरची भरली की पाणी आपोआप खाली उतरते. पंप त्याले परत वर फेकते. अवो, ही तं आपली नळयोजनाच हाय! फक्त हिच्यात सरपंच नाही."

पानठेल्यांचे काचेचे शोकेस बनवणाऱ्याकडून त्यांनी तीन फुटांची टाकी करून घेतली. तिच्या मागच्या काचेला वरून पाणी उतरायला भोक पाडायचं होतं. ते पाडताना दोन काचा गेल्या. दोन्ही वेळा चंद्राकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आतून "झालं समाधान?" एवढंच विचारलं. मग पाइप, एल्बो, टी आणि व्हॉल्व. एकूण पाच व्हॉल्व. मी म्हटलं, "काका, मासा बोटाएवढा. दोन पुष्कळ झाले."

"अन् एक बिघडला तं? बायपास नको? तू चंबू सांभाळ प्रयोगशाळेतला, लाइनीचं मले सांगू नको."

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मोरीतला नळ सहा वर्षांपासून गळून राह्यला. अन् मासोळीले पाच व्हॉल्व!"

पहिल्याच चाचणीत वीज गेली. पंप थांबला आणि पाणी ज्या पाइपने वर चढलं होतं त्याच पाइपने उलटं खाली यायला लागलं. खालची टाकी भरली, सांडली, आणि पाणी उन्हाळी कामाच्या कुरडया ठेवलेल्या डब्यांखालून स्वयंपाकघरात शिरलं. मारोतराव पाचही व्हॉल्व आळीपाळीने फिरवत ओरडत होते. काकूंनी चुलीवर दाभण तापवलं आणि वर चढणाऱ्या पाइपला, टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर, एक भोक पाडलं. पाणी तेवढं उतरलं, भोक उघडं पडलं, पाइपने हवा ओढली आणि उलटा ओघ बंद झाला.

"रॉकेलच्या डरमात नळी फाटकी असली तं रॉकेल येत नव्हतं," त्या पोछा मारत म्हणाल्या. "त्यात काय बीएस्सी लागते?"

मारोतरावांनी ते भोक चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हा सहावा व्हॉल्व समज."

आता माझी चूक सांगते. आमच्या गावाच्या पूर्वेला एक खारी विहीर आहे. तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, कपडे पिवळे पडतात. सगळं गाव तिला खारी म्हणतं. मारोतरावांनी विचारलं, "समुद्राचं पाणी खारं, विहिरीचंही खारं. मग ते नागपूरचं समुद्राचं मीठ कायले आणाचं? त्याच पाण्यात खडेमीठ टाकू अन् काम खल्लास."

मी क्षणभर थांबायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं होतं ग्रॅज्युएटला, आणि ग्रॅज्युएटला 'माहीत नाही' म्हणता येईना. मी म्हटलं, "खारं म्हणजे क्षार, क्षार म्हणजे सॉल्ट. चालते काका." तिघी-चौघी बाया ऐकत होत्या, म्हणून जरा मोठ्यानेच म्हटलं.

मासा आला. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. सारखं तोंड उघडायचा, मिटायचा, जागचा हलायचा नाही. मारोतरावांनी त्याचं नाव ठेवलं सभापती. "दिवसभर तोंड हलवते, काम काडीचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर येऊन बसले आणि समोरच्याला म्हणाले, "सभापती गेले." अर्ध्या तासात गावभर झालं. एक जण हार घेऊन पंचायत समितीच्या खऱ्या सभापतींच्या घरी पोचला. दार स्वतः सभापतींनी उघडलं. तो हार त्यांनी गळ्यात घालून घेतला म्हणतात, आलेला हार परत करायची त्यांना सवय नाही.

हसणं झालं. पण मारोतराव चार दिवस ओट्यावर आले नाहीत. पाचव्या दिवशी मीच गेले आणि सांगितलं, "काका, चूक माझी होती. विहिरीचं खारं वेगळं, समुद्राचं खारं वेगळं. मी न पाहता बोलले."

"तू बोलली, पण पाणी मी सोडलं," ते म्हणाले. "एक डाव अजून करतो. हा मासा गेला तं टाकी फोडून टाकीन. समजून घेईन का पाणी सोडणं आपल्याच्यानं होत नाही."

या वेळी मी पुस्तक उघडलं. आरओच्या जारचं पाणी, नागपूरचं मीठ, कॉलेजातून दिवसापुरता आणलेला घनतामापी. पाणी तयार झालं, दगड टाकले, आणि त्यांच्यावर पाणी साफ ठेवणारे जंतू वाढेपर्यंत महिनाभर नुसतं थांबायचं होतं. त्यात दिसायला काहीच नव्हतं. मारोतराव रोज खुर्ची टाकून समोर बसायचे. जाणारे-येणारे विचारायचे, "काय मारोतराव, दगडं पाळून राह्यले का?"

"व्हय. तुह्यापेक्षा बरे हाय. विचारत नाहीत काही."

दुसरा सभापती नागपूरहून एसटीने आला. पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "वरण हाय का?" मारोतराव म्हणाले, "नाही वो, साहेब हाय. जिवंत." तिने उतरेपर्यंत पाय दुमडून घेतले.

हा जगला. आठवडा, महिना, तीन महिने. मग मे महिन्यात एका सकाळी वावधन सुटलं, खांब पडले आणि वीज गेली. संध्याकाळी वीज आली आणि मासा वाचला, हे आधीच सांगून टाकते. कारण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

कॉलेजातून दुपारी मी सरळ त्यांच्याकडेच गेले. मारोतराव टाकीपाशी स्टुलावर बसलेले. खालच्या टाकीतून लोटा भरायचा, हात डोक्यापर्यंत न्यायचा आणि वरच्या टाकीत धार सोडायची. धारेबरोबर हवा पाण्यात जाते. हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. वरची टाकी भरली की पाणी आपोआप खाली उतरायचं, की परत लोटा. बनियन भिजलेलं.

"कवापासून?" मी काकूंना विचारलं.

"आठपासून. चाहा ठेवला, तोही थंडा झाला. मी म्हटलं द्या इकडं, तं देत नाहीत."

वीज नव्हती म्हणजे नळही नव्हते. बाहेर चौकात बाया पाण्याचे गुंड-हंडे रांगेत लावून उभ्या होत्या आणि नव्या व्हॉल्वमनचा उद्धार चालला होता. तो पोरगा चेंबरवर वाकून चाबी फिरवत होता. "सोड ना रे पाणी! मेला का हात तुहा?"

मारोतरावांचा लोटा अर्ध्यातच थांबला.

"टाकीत थेंब नाही," ते म्हणाले. "तरी फिरवून राह्यला."

"मग कायले फिरवते?" मी म्हटलं.

"मीबी फिरवो. तीस वर्षं. टाकी रिकामी असे, मले माहीत राहे. पण बाया समोर उभ्या. नाही म्हणाची हिंमत होत नव्हती. चाबी फिरवली की त्यायले वाटे, येते आता. मी तेवढ्यात दुसऱ्या चौकात निघून जाओ." त्यांनी धार सोडली. "एक दिवस वरच्या चौकातून परत येऊन पाह्यतो, तं एक पोटुशी बाई चेंबरपाशी बसून होती. उन्हात. सकाळची. मी चाबी फिरवतानी तिनं पाह्यलं होतं ना."

काकूंनी पदराने टाकीजवळची फरशी पुसली. ती आधीच पुसलेली होती.

मी लोटा मागितला. या वेळी त्यांनी दिला. मी धार सोडायला लागले आणि मारोतराव गुडघ्यांवर हात ठेवून उठले, अंगात शर्ट घातला आणि बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं. त्यांनी त्या पोराच्या हातातली चाबी धरली आणि थांबवली.

"बायांनो, टाकीत पाणी नाही. आज येणार नाही. घरी जा."

मग जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. पोराला सोडून सगळ्यांनी मारोतरावांना धरलं. तुले कोणं विचारलं, म्हाताऱ्या? तू होता तवा तरी कुठं येत होतं? त्यांच्या आईचा, बापाचा, पेन्शनचा, सगळ्यांचा समाचार घेतला गेला. ते मान खाली घालून ऐकत उभे राहिले. हळूहळू एकेक गुंड उचलला गेला आणि चौक रिकामा झाला.

ते आत आले. काकूंनी विचारलं, "देल्या का शिव्या?"

"देल्या ना, पोटभर," मारोतराव म्हणाले, स्टुलावर बसले आणि लोट्यासाठी हात पुढे केला.